आधी फोड, मग जोड



ज्या धन परिमेय संख्येचे वर्गमूळ परिमेय निघत नाही, ते वर्गमूळ म्हणजे करणी. √9 म्हणजे 3, म्हणून ती करणी नव्हे. √8 मात्र करणी आहे. शब्द जुना आहे. शुल्बसूत्रांत चौरसाच्या कर्णाला द्विकरणी म्हटले आहे, कारण त्या कर्णावर काढलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट भरतो.

सरळरूप देताना मुळाखाली दडलेली सर्वांत मोठी वर्गसंख्या शोधावी. 72 = 36 × 2, म्हणून √72 = 6√2. घाईत 9 × 8 अशी फोड केली तर 3√8 येते. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. 8 मध्ये अजून 4 शिल्लक आहे. संख्या मोठी असेल तर मूळ अवयव पाडून जोड्या लावाव्यात. 720 मध्ये 2 च्या दोन जोड्या, 3 ची एक जोडी आणि एकटा 5 सापडतो. प्रत्येक जोडीतला एकच अवयव बाहेर येतो, एकटा आतच राहतो: √720 = 12√5.

बेरजेत सर्वाधिक चुका होतात. √2 + √8 म्हणजे √10 नव्हे. आधी √8 ची फोड 2√2 करावी. मग सजातीय करणींची बेरीज 3√2 येते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात हेच 2 आणि 8 घेतले आहेत आणि बेरजेची करणी 18 दिली आहे. √18 म्हणजे 3√2 च. तिथलेच 3 आणि 7 मात्र वेगळे राहतात. कसोटी सोपी आहे: दोन्ही संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग असेल तरच करणी एकत्र होतात. 16 वर्ग आहे, 21 नाही.

गुणाकारात असे बंधन नाही: √6 × √15 = √90 = 3√10.

छेदात करणी ठेवू नये. 6/√3 च्या अंशाला व छेदाला √3 ने गुणले की 2√3 मिळते. छेद √5 − √3 असेल तर √5 + √3 ने गुणावे. छेदात 5 − 3, म्हणजे 2 उरतो.

अक्षर आले की चिन्हाचे भान ठेवावे. √x² नेहमी x नसतो; x = −5 असताना उत्तर 5 येते, म्हणून |x| लिहावे.

शेवटी ताळा पाहावा. 12√5 चा वर्ग 144 × 5, म्हणजे 720. मूळ संख्या परत आली की उदाहरण सुटले.

तुझा मामा