गिऱ्हाइकाशीं बोलणें

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील गेल्या वर्षीं शाळेंत भेटावयास आले होते. मुलगा पदवीधर होऊन पुण्यांतील एका फास्ट फूडच्या दुकानांत काउंटरवर लागला होता. हें सांगतांना त्यांनीं आवाज खालीं आणिला. “सर, पाव विकण्यासाठीं का आम्हीं त्याला इतकें शिकविलें?” त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे. कारण आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींची पहिली कमाई अशाच एखाद्या काउंटरवर होणार, आणि घरोघरीं हाच प्रश्न निघणार.

हा धंदा मूळचाच घाईचा. कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें मॅकडोनल्ड नांवाच्या दोघां बंधूंनीं १९४० सालीं उपाहारगृह काढिलें. तेथें गाडींत बसलेल्या गिऱ्हाइकास मुली पदार्थ नेऊन देत. १९४८ सालीं बंधूंनीं तें कांहीं महिने बंद ठेविलें, त्या मुलींस कामावरून कमी केलें, पदार्थांची यादी नवावर आणिली, आणि १५ सेंटांचा हॅम्बर्गर खिडकींतून देण्यास आरंभ केला. वेळ वांचला, किंमत उतरली. पण वाढणारें माणूस गेलें आणि त्याचें बोलणेंहि गेलें. उरलें तें खिडकीपाशींचें अर्धें मिनिट. या धंद्यांतील सारें सौजन्य तेवढ्यांत मावावें लागतें.

त्या अर्ध्या मिनिटाची किंमत मॉस्को शहरांत दिसून आली. सोव्हिएट राजवटींत गिऱ्हाईक पुष्कळ दुकानांत एका रांगेंत वस्तु निवडी, दुसरींत पैसे भरी, आणि पावती घेऊन तिसरींत उभें राही. मालच अपुरा, म्हणून विकणारास गोड बोलण्याची गरज नसे. ता. ३१ जानेवारी १९९० रोजीं पुश्किन चौकांत मॅकडोनल्डचें दुकान उघडलें. नोकरीसाठीं सुमारें २७,००० अर्ज आले होते. त्यांतून सहाशेंवर तरुण निवडून त्यांस गिऱ्हाइकाकडे पाहून हंसावयासहि शिकविण्यांत आलें. पहिल्याच दिवशीं ३०,००० हून अधिक लोक आले. अनोळखी माणसाकडे पाहून हंसण्याची तेथें रीत नसल्यामुळें कित्येकांस तें चमत्कारिक वाटलें. तथापि रांगा कांहीं हटल्या नाहींत. (ती कंपनी २०२२ सालीं रशिया सोडून गेली, तेथील दुकानें आतां दुसऱ्या नांवानें चालतात.)

परंतु शिकविलेलें हंसणें आणि सौजन्य हें एकच का? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण आम्हीं त्या विद्यार्थ्यापाशींच पाहिलें.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही पुण्यास गेलों असतां त्याच्या दुकानांत शिरलों. कबूल करावयास हवें कीं, डोक्यावर टोपी घातलेला तो मुलगा काउंटरमागें दिसतांच प्रथम आम्हीच संकोचलों व दुसऱ्या रांगेंत जाऊन उभे राहिलों. त्याच्यापुढें खेड्यांतील एक वृद्ध जोडपें होतें. वरच्या फलकावरील नांवें सारीं इंग्रजी. म्हातारा नुसता आंकडे वाचीत होता, आणि मागचे लोक चुळबुळूं लागले होते. मुलगा किंचित् पुढें वांकला. “आजोबा, तिखट चालतें ना? आणि आजींना आज उपास नाहीं ना?” म्हातारा म्हणाला, “लई महागाचं नगं, बाळा.” त्यानें बटाट्याच्या टिकीचे दोन बर्गर सुचविले, किंमत हळूच सांगितली, ऑर्डर पुन्हां म्हणून दाखविली, आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेविले. तो एकदांहि ठरीव हंसला नाहीं. पण म्हाताऱ्याचे खांदे सैल झालेले आम्हीं पाहिले.

रात्रीं आम्हीं त्यास कामाविषयीं विचारलें. तो म्हणाला, “सर, ऑर्डर परत म्हणून दाखविणें हेंच खरें. चूक तेथेंच सांपडते, आणि आपलें ऐकलें गेलें असें माणसाला वाटतें.” उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकानें विचारण्यापूर्वीं सांगावें, चुकीचा पदार्थ गेला तर आधीं बदलून द्यावा, चूक कोणाची हें मागाहून पाहावें. यांत कोठें गोड बोलणें आलें? सारें लक्ष देणें आहे. आमच्या स्टेशनाबाहेरचा वडापाववाला तर कधींच हंसत नाहीं. पण कोणास सुकी चटणी नको आणि कोणास मिरची जास्त, हें त्याच्या ध्यानांत असतें. त्यास असभ्य कोण म्हणेल?

“अवघड केव्हां वाटतें?” असें आम्हीं विचारलें. “रात्रीं नऊनंतर. पाय दुखत असतात, आणि पुढचें माणूस मोबाईल कानाला लावूनच बोट दाखवितें.” आर्ली हॉखशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें विमानांतील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ सालीं ग्रंथ लिहिला, त्यांत हेंच आहे: मनांत नसलेला भाव मुद्रेवर आणणें हेहि श्रमच, आणि पगार त्या श्रमांचाहि असतो. दळण्याचे श्रम दिसतात, हे दिसत नाहींत. म्हणून पालक त्यांस कमी लेखतात, आणि मालकहि. मालकानें हंसण्याची सक्ती करावी व बसावयास स्टूलहि देऊं नये, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

परत आल्यावर आम्हीं त्या वडिलांस हें सांगितलें, आणि एका शनिवारीं सायंकाळीं मुलाच्या रांगेंत जाऊन उभे राहण्याची विनंति केली. ते जाऊन आले. मुलानें ओळख दाखविली का, असें विचारतां म्हणाले, “नाहीं. ‘बाबा, तिखट कमी देऊं ना?’ एवढेंच म्हणाला. सगळ्यांनाच तो बाबा, आजी, ताई म्हणत होता.” मग थोडें थांबून म्हणाले, “रांग मोठी होती, सर. पण कुरकूर कोणी करीत नव्हतें.”