फुल-फ्रेम : गरज की हौस?

छायाचित्रणाचा छंद असलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : साठवलेले पैसे फुल-फ्रेम कॅमेऱ्यात घालावेत काय?

फुल-फ्रेम म्हणजे ३६ × २४ मि.मी.चा सेन्सर. हे माप ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीचे; १९२५ साली आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले. माझ्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही लहान. तेच अ‍ॅपर्चर व तेवढाच वेळ ठेवला, तर मोठा सेन्सर सव्वादोन पटींहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो. मंद उजेडातील चित्र स्वच्छ येते. स्नेहसंमेलनातील नाटके टिपणाऱ्या मला हा लाभ मोलाचा वाटतो.

परंतु वजन वाढते, खर्चही. शिवाय एपीएस-सीसाठीच बनलेली भिंगे मोठी चौकट पुरती व्यापत नाहीत. तीही बदलावी लागतात.

आता दुसरी बाजू पाहू. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम भिंगाचे अ‍ॅपर्चर ५० मि.मी.ला साधारण एफ/५.६ असते. एफ/१.८ चे साधे भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. स्पष्टतेची खोली मात्र कमी होते. एका नटावर नेम धरला, तर मागचा धूसर होतो. तरीही अल्प खर्चात लाभ मोठा.

म्हणून माझा निर्णय असा : आधी भिंग, मग चौकट.