बोहेमियाची काच : ओळख आणि संग्रह

इंदूर शहरात मल्हारगंजाला लागून इतवारिया बाजार आहे. तेथील प्रसिद्ध कांच मंदिर सर सेठ हुकुमचंद जैन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविले. भिंती, खांब, छत, दारे, जिकडे पाहावे तिकडे काच. समोरासमोरच्या आरशांमुळे मूर्तींची प्रतिबिंबे एकामागून एक अशी दूरवर गेलेली दिसतात. हे सारे पाहून बाहेर पडणारा मनुष्य सहज म्हणतो, "बेल्जियमची काच!" याच वस्तीतील एखाद्या जुन्या मराठी घराच्या फडताळात लाल पैलूदार फुलदाणी निघाली, तर तिलाही हेच नाव मिळते. आपल्याकडे हे नाव म्हणजे उंची काचेचे सरसकट विशेषणच होऊन बसले आहे.

आरशांच्या बाबतीत ते एक वेळ चालेल, कारण सपाट काचेत बेल्जियमचा लौकिक मोठा होता. व्हाल सँ लांबेर येथे १८२६ पासून उत्तम भांडीही होत असत. परंतु फुंकून घडविलेल्या, पैलू पाडलेल्या रंगीत भांड्यांचे मोठे माहेरघर म्हणजे बोहेमिया, अर्थात आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील प्रदेश. तेव्हा फुलदाणीला बेल्जियमची म्हणण्यापूर्वी ती हातात घेऊन पाहावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

बोहेमियाच्या डोंगरांत दाट जंगले होती. भट्टीला सरपण आणि लाकडाच्या राखेतून पोटॅश, दोन्ही तेथेच मिळे. वाळूत पोटॅश व चुना मिसळून होणारी ही काच कठीण, स्वच्छ आणि कोरीवकामास सोयीची असते. प्राग येथे बादशहा दुसरा रुडॉल्फ याने १६०९ साली कास्पार लेहमान या कारागिराला काचेवर कोरीवकाम करण्याचा खास परवाना दिला. इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये पेटंट घेऊन पुढे जी शिशाची काच प्रचारात आणली, ती वजनाने जड असते व टिचकी मारली असता तिचा नाद लांबतो. जुनी बोहेमियन काच त्या मानाने हलकी लागते.

तथापि बोहेमियाची खरी कीर्ती रंगांची आहे, आणि अभ्यासकाची कसोटीही तेथेच लागते. लाल रंगाचेच उदाहरण घेऊ. एक प्रकार सबंध लाल काचेचा. त्यात रंग आरपार असतो. दुसऱ्या प्रकारात पांढऱ्या स्वच्छ काचेवर लाल काचेचा थर चढवितात आणि चाकावर पैलू पाडताना तो ठिकठिकाणी कापून आतली काच उघडी करतात. कापाच्या कडेला थराची जाडी भिंगातून स्पष्ट दिसते. तिसरा प्रकार फ्रीड्रिख एगरमान (१७७७–१८६४) याने नावारूपास आणला. त्यात काचेवर धातूच्या क्षारांचा लेप देऊन ती पुन्हा भाजतात. चांदीने पिवळा आणि तांब्याने लाल रंग येतो. हा रंग कागदाहूनही पातळ असतो, म्हणून ओरखडा पडला की खालची पांढरी काच डोकावते. तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या तर लांबून सारख्याच भासतात, किमतीत मात्र बरेच अंतर असते.

रीडेल घराण्याने १८३० नंतरच्या दशकात युरेनियम घालून पिवळी व हिरवी काच काढली आणि तिला घरातल्याच आन्नाचे नाव दिले. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली ती हिरवीगार चमकते. मात्र तेवढ्यावरून ती जुनी ठरत नाही. युरेनियमची काच अन्य देशांतही झाली, आणि आजही होते.

या मालाला हिंदुस्थानात मोठे गिऱ्हाईक होते. येथील आवडीप्रमाणे हुक्क्याचे तळ, गुलाबदाण्या, अत्तरदाण्या तिकडे मुद्दाम घडवीत. गाब्लोन्झ, म्हणजे आजचे याब्लोनेत्स, येथून तर बांगड्या आणि मणी येत. म्हणजे फडताळातल्या फुलदाणीपेक्षा आजीच्या मनगटावरूनच बोहेमिया आपल्या घरात अधिक शिरला! पहिल्या महायुद्धात हा माल थांबला आणि जपानी बांगड्यांनी बाजार काबीज केला. स्वदेशीच्या लाटेत तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली निघाला, तर ओगलेवाडीचा १९१६ साली. ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील सर्वश्रुत आहे.

आता काळ ठरविण्याविषयी. जुन्या वस्तूंवर सही किंवा शिक्का बहुधा नसतो, आणि कागदी चिठ्ठी कधीच धुऊन गेलेली असते. "मेड इन चेकोस्लोव्हाकिया" असे असल्यास ते राष्ट्रच १९१८ साली जन्मले व १९९२ च्या अखेरीस विभागले, हे ध्यानात ठेवावे; अशी वस्तू "दोनशे वर्षांची" म्हणून कोणी देऊ लागल्यास हसून परत करावी. तळ उलटा करून पाहावा. वर्षानुवर्षे ठेवल्या-उचलल्याचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी पडतात. पॉलिशकागदाने केलेले एका दिशेने जातात. सोनेरी मुलामा हात लागतो तेथेच झिजलेला असावा.

संग्रहासाठी पैसा लागतोच असे नाही. जुनी घरे पाडली जात आहेत आणि भांडी नगावर विकली जात आहेत. विकणाऱ्याला थांबविणे आपल्या हाती नसते. पण वस्तू जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र, उंची, वजन, रंगाचा प्रकार, आणि ती घरात कोणी, केव्हा, कोठून आणली याची घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत एका वहीत उतरवून घेता येते. हकीकत सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी. तो "बेल्जियम" म्हणाला तर "बेल्जियम"च लिहावे, आणि आपले मत शेजारच्या रकान्यात.