दगडी रोग आणि जिवाणूंचे आवरण भेदणारी द्रव्ये

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दुग्धव्यवसाय हा शेतीचा भक्कम जोडधंदा आहे. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय सिद्ध केली. संकरित गाईंमुळे दूध वाढले. परंतु अधिक दूध देणाऱ्या गाईस दगडीचा, म्हणजेच कासदाहाचा, धोकाही अधिक असतो. कास सुजते, दुधात गाठी येतात आणि प्रसंगी एखादा सड कायमचा निकामी होऊन घरच्या मिळकतीस खीळ बसते.

आवरण कसे फुटते?

जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पातळ आवरण असते. त्याच्या बाहेरील बाजूवर ऋण विद्युत्भार असतो. कारखान्यात तयार होणाऱ्या चतुर्थक अमोनियम संयुगांच्या रेणूचे एक टोक धनभारित, तर दुसरे लांब व तेलकट असते. धनभारित टोक आवरणाकडे ओढले जाते व तेलकट टोक त्यात शिरते. आवरण झिरपू लागते, आतील द्रव्ये बाहेर पडतात आणि जिवाणू मरतो. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली यांपैकी बेंझाल्कोनियम क्लोराइडचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. सड बुडविण्याच्या द्रावणांत वापरले जाणारे क्लोरहेक्सिडीनही आवरणावरच आघात करते.

गोठ्यातील दक्षता

शेण वा दूध लागलेले असल्यास या द्रव्यांची शक्ती वाया जाते. साबण ऋणभारित असल्याने त्याचा अंश उरला तरीही त्यांचा गुण नाहीसा होतो. म्हणून भांडी प्रथम धुऊन स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावीत. धार काढल्यावर सडाचे छिद्र काही काळ उघडे राहते. त्याच वेळी सड द्रावणात बुडवावेत व गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास तरी खाली बसणार नाही. पुढील धारेपूर्वी सड धुऊन कोरडे करावेत.

द्रावण सांगितल्यापेक्षा पातळ केल्यास चिवट जिवाणू तग धरतात. कोलिस्टिन हे प्रतिजैविकही जिवाणूचे आवरण भेदते व माणसाच्या दुर्धर संसर्गात अखेरचा आधार ठरते. त्यास दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने कुक्कुटपालनात व अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

सडावरील द्रावण रोग टाळते. जडलेला रोग बरा करीत नाही. कास सुजताच पशुवैद्यकास बोलवावे. गोठा स्वच्छ राहील तेवढी प्रतिजैविकांची गरज कमी पडेल आणि माणसासाठी ती अधिक काळ गुणकारी राहतील.