रिन्यूअलच्या आधी गोदामात पाय टाक

अगं, रिन्यूअलची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली की काम झालं, असं धरून चालू नकोस. स्कूटरच्या पॉलिसीला ते चालून जाईल. तू मानखुर्दला विम्याचा धंदा करतेस, आणि तुझे निम्मे ग्राहक तिथल्याच मंडालातले भंगारवाले, गोदामवाले. 5 फेब्रुवारी 2021 ला तिथली भंगाराची गोदामं पेटली होती, आठवतं ना? आधीही आगी लागल्या, नंतरही लागल्या. त्यामुळे तिथला प्रस्ताव हातात घेताना कंपन्या कपाळाला आठ्या घालतात. एक कंपनी सुटली तर दुसरी लगेच मिळेल, या भ्रमात तूही राहू नकोस, गोदामवाल्या शेठलाही ठेवू नकोस.

पॉलिसीची मुदत संपायच्या महिना-दीड महिना आधी स्वतः जाऊन ये. पोटमाळा चढलाय का, लोखंडाच्या जागी प्लास्टिक आलंय का, वायरिंग कसं लोंबतंय, सगळं बघ. शेजारचा गाळा घेतला असेल तर तो पॉलिसीत घालून घे. पॉलिसीवर ज्या जागेचा पत्ता नाही, तिथल्या मालाचे पैसे मिळत नाहीत. बँकेचं कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का तेही तपास. आणि चोरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, हे दर वर्षी सांग. दर वर्षी विसरतात.

खरी गोम रकमेत आहे. शेठ म्हणणार, "मागच्याच आकड्यावर कर." तेव्हा त्याला तिथेच हिशेब मांडून दाखव. माल 40 लाखांचा, विमा 20 लाखांचा आणि जळालं 10 लाखांचं, तर हातात पडणार साधारण 5 लाख. विमा निम्म्याचा, तर भरपाईही निम्मी. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. त्यात विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कंपनी तेवढं सोडून देते. त्यापुढे नाही. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की प्रीमियमची घासाघीस बरीचशी आपोआप थांबते.

तरी कुणीतरी येणारच, "कमिशनमधून परत देतो" म्हणत. तू त्या वाटेला जाऊ नकोस. विमा कायद्याचं कलम 41 त्याला मनाई करतं, दंड 10 लाखांपर्यंत आहे. शिवाय पैशाने बांधलेला ग्राहक पुढच्या वर्षी जास्त पैसे देणाऱ्याकडे जातो. अशांना मी ग्राहक म्हणतच नाही.

प्रीमियम वाढणार असेल तर ते आधी तुझ्या तोंडून कळू दे. शेवटच्या दिवशी कळलं की माणूस चिडतो, दुसरीकडे विचारत बसतो आणि तारीख निघून जाते. आरोग्य विम्याला मिळतात तसे सवलतीचे दिवस आगीच्या पॉलिसीला नसतात. कलम 64 व्हीबी सांगतं, पैसे आधी, जोखीम नंतर. चेक परत आला तर संरक्षणही गेलं. त्यामुळे 31 मार्चच्या गर्दीत चेक देऊन निश्चिंत होऊ नकोस, वटला की नाही ते बघ.

आणि क्लेम आला की फोन बंद ठेवायचा नाही, बाई! राख उचलण्याआधी फोटो काढायला लाव, त्याच दिवशी कंपनीला कळव, स्टॉकचं रजिस्टर आणि जीएसटीची बिलं काढायला बस. मंडालात एकाचा क्लेम नीट उभा राहिला तर ती बातमी गल्लीभर जाते. फसला तर त्याहून लवकर.

मे-जूनमध्ये संपणाऱ्या पॉलिस्या आज वेगळ्या काढ. पाऊस लागायच्या आत त्या प्रत्येक गोदामात एकदा जाऊन ये.