चंदनाची जनुकीय विविधता : एक अदृश्य भांडवल

कर्नाटकात २००१ च्या कायदा-दुरुस्तीने खासगी जमिनीवरील चंदनाची मालकी जमीनमालकास मिळाली व लागवडीस चालना मिळाली. परंतु रोपे कोणत्या बियाण्याची, हा प्रश्न मालकीइतकाच महत्त्वाचा आहे. चंदनात प्रामुख्याने परपरागीभवन होते. चोरट्या तोडीनंतर मुळांच्या फुटव्यांतून एकाच जनुकीय घडणीची झाडे वाढतात व त्यांच्यात फलधारणा घटते. मोजक्याच मातृवृक्षांचे बी वापरल्यास लागवडीचाही जनुकीय पाया अरुंद होतो. मग स्पाइकसारख्या रोगाचा धोका बळावतो. म्हणूनच बंगळूरच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतील चंदन-संशोधनास आर्थिक मोल आहे. नैसर्गिक वनांतील विविधता हा भावी लागवडीचा विमा असून संरक्षण हा त्याचा हप्ता होय.