मायामीचे आकडे आणि दोन अर्थशास्त्रज्ञ

प्रश्न : माझा मुलगा न्यूजर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. त्या व्हिसाविरुद्ध तिकडे कुणी बोललं की मला राग येतो. इथे स्टेशनावर परप्रांतीयांच्या लोंढ्यांबद्दल तुम्हीही तेच बोलता, असं मुलगी सुनावते. परवा टीव्हीवरच्या एका चर्चेत ऐकलं, की बाहेरून माणसं आल्यावर स्थानिकांचे पगार पडतात की नाही, यावर मायामी शहराचे आकडे घेऊन दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी अगदी उलट निष्कर्ष काढले. मग त्यातला एक खोटं बोलतोय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खोटं कुणीच बोलत नाही. शहर तेच होतं, पण दोघांनी मोजलेली माणसं तीच नव्हती. मेख तिथे आहे.

आधी घडलं काय ते पाहू. एप्रिल १९८० मध्ये हवानातल्या पेरूच्या वकिलातीत सुमारे दहा हजार क्युबन आश्रयासाठी घुसले. फिडेल कॅस्ट्रोंनी चिडून जाहीर केलं, ज्याला जायचंय त्याने मारिएल बंदरातून खुशाल जावं. फ्लोरिडातल्या नातेवाइकांनी मिळतील त्या होड्या भाड्याने घेतल्या आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. त्यातली जवळपास निम्मी मायामीत राहिली. शहरातल्या काम करणाऱ्यांची संख्या काही महिन्यांत ७ टक्क्यांनी फुगली. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, शिक्षणही बेताचं. कॅस्ट्रोंनी त्यात तुरुंगातले काही कैदीही घुसडले होते. ते थोडेच होते, पण १९८३ च्या ‘स्कारफेस’ चित्रपटातला गुंड नायक याच लोंढ्यातून आलेला दाखवला आणि लोकांच्या मनात तेवढंच चित्र ठसलं.

१९९० मध्ये अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी या शहराचे पगार तपासले. नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहून भागणार नव्हतं, कारण त्याच काळात सगळ्या अमेरिकेत मंदी होती आणि मे १९८० मध्ये मायामीत मोठी वांशिक दंगलही झाली होती. म्हणून त्यांनी अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा-सेंट पीटर्सबर्ग ही चार शहरं शेजारी ठेवली. निष्कर्ष असा, की मायामीतल्या कमी शिकलेल्या कामगारांचे पगार या शहरांच्या तुलनेत पडले किंवा त्यांच्यातली बेकारी वाढली असं दिसत नाही. अर्थशास्त्रात खळबळ उडाली. पुढे २०२१ चं नोबेल कार्ड यांना विभागून मिळालं, त्यात या धाटणीच्या कामाचा वाटा होता.

पगार का पडले नसावेत? आलेला माणूस फक्त काम मागत नाही. तो खोली भाड्याने घेतो, केस कापून घेतो, पाव विकत आणतो. शिवाय मायामीत कपडे शिवण्याचे असे कारखाने होते, जिथे स्पॅनिश बोलणारे हात लगेच कामाला लागू शकत होते.

पंचवीस वर्षांनी हार्वर्डच्या जॉर्ज बोर्हास यांनी तेच दप्तर पुन्हा उघडलं. त्यांचा आक्षेप वाजवी होता : मारिएलहून आलेल्यांत शाळाही पुरी न केलेले बहुसंख्य होते, तर फटका बसला असेल तो तशाच स्थानिकांना. सगळ्या ‘कमी शिकलेल्यां’ची सरासरी काढली तर तो झाकला जाईल. म्हणून त्यांनी २५ ते ५९ वयाचे, हिस्पॅनिक नसलेले, हायस्कूल न संपवलेले पुरुषच घेतले. त्यांचे पगार १० ते ३० टक्क्यांनी घसरलेले निघाले.

हे वाचून कार्ड यांचं काम निकालात निघालं असं वाटेल. पण इतक्या गाळण्या लावल्यावर मायामीपुरत्या सरकारी पाहणीत दर वर्षी जेमतेम वीसेक माणसं उरतात. वीस माणसांच्या पगारावर अख्ख्या शहराचा निकाल! मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नेमक्या मारिएलच्याच सुमारास जनगणना खात्याने पाहणीची पद्धत सुधारली आणि पूर्वी सुटून जाणारे गरीब कृष्णवर्णीय पुरुष नमुन्यात जास्त येऊ लागले. त्यांचे पगार आधीपासूनच कमी होते. म्हणजे कुणाचाही पगार न पडता सरासरी खाली आली असू शकते. बोर्हास यांना हे मान्य नाही. मला मात्र या झगड्यात कार्ड यांची बाजू जड वाटते. पण बोर्हास यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे, हेही तितकंच. जाता जाता, बोर्हास हवानात जन्मले आणि लहानपणी निर्वासित होऊन अमेरिकेत आले. कार्ड मूळचे कॅनडाचे. दोघेही बाहेरचेच.

उलटा प्रयोगही झालेला आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. १९४२ पासून ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर हंगामापुरते अमेरिकेत येत. त्यांच्यामुळे आपल्या मजुरांना भाव मिळत नाही, म्हणून १९६४ अखेर योजना बंद केली. मजुरी वाढायला हवी होती. क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी राज्यवार आकडे काढले, तर ज्या राज्यांत ब्रासेरो भरपूर होते तिथेही मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटो-शेतकऱ्यांनी मजूर शोधले नाहीत, तोडणीयंत्रं आणली. यंत्राचा मार सोसेल असा टणक टोमॅटोही विद्यापीठाने आधीच तयार करून ठेवला होता.

सरकारी तिजोरीचा हिशेब निराळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१६ मध्ये सगळा अभ्यास एकत्र मांडला. बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांच्या शाळांचा भार राज्यांवर पडतो, तीच मुलं मोठी होऊन भरघोस कर भरतात. त्यामुळे ‘ओझं’ म्हणणारा आणि ‘कमाई’ म्हणणारा, दोघंही एकाच अहवालातून वाचून दाखवू शकतात. एकाने अलीकडचं पान उघडलेलं असतं, दुसऱ्याने पुढचं.

आता तुमच्या घरातला वाद. मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कायद्याने दोन्ही प्रकरणं एक नाहीत : बिहारमधून ठाण्याला येणारा राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचा हक्क बजावतो, तुमचा मुलगा अमेरिकेच्या परवानगीवर राहतो. पण तक्रारीची जात एकच आहे. साठच्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या, तेव्हा प्रश्न शहराच्या सरासरी पगाराचा नव्हता. खुर्चीवर कोण बसतो, हा होता. त्याला सरासरीने उत्तर देता येत नाही. ‘मुंबई वाढतेय, सगळ्यांचं भलं होतंय’ असं त्या मुलाला सांगून उपयोग नसतो, ज्याचा अर्ज परत आलाय. तरी एक विसरू नये. ज्या गिरण्यांनी ही मुंबई उभी केली, त्यातले कामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी-साताऱ्याहून आलेले होते.

अमेरिकेतही तसंच. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या एका बड्या कंपनीचे संगणक कर्मचारी कामावरून कमी झाले आणि जाण्याआधी त्यांच्या जागी एच-१बीवर येणाऱ्यांना काम शिकवायला त्यांनाच बसवलं गेलं. त्यातल्या एखाद्याला भारतीय अभियंत्यांनी अमेरिकेत किती कंपन्या काढल्या हे ऐकवून काय होणार? आणि त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, जो आपण सहसा काढत नाही. एच-१बीचा किमान पगार चार पातळ्यांत ठरतो. त्यातल्या पहिल्या दोन पातळ्या त्या कामाच्या स्थानिक मध्यम पगाराखाली आहेत. वर नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी अर्ज करायला तयार झाली पाहिजे, नाहीतर सामान आवरायचं. असा माणूस पगारवाढीसाठी साहेबाशी भांडणार कसा? कंपनीला तो स्वस्त पडतो तो यामुळे, आणि शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनाचं नुकसान होत असेल तर तेही यामुळेच. व्हिसा कंपनीच्या हातातून काढून तुमच्या मुलाच्या हातात दिला, तर त्याचाही फायदा आहे आणि त्या अमेरिकनाचाही. टीव्हीवरच्या चर्चेत हे कुणी म्हणालं होतं का?